मापांची वही आणि मुलीचा फॉर्म

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, आता न्यू जर्सीत. ग्रीन कार्डला सहा वर्षं झाली. मुलगी बारावीत, मुलगा आठवीत. मुलीने रटगर्स आणि एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) ह्या विद्यापीठांना अर्ज केलाय. २०२४ मध्ये ह्यांचा पगार १ लाख १८ हजार डॉलर होता. जुलै २०२५ मध्ये लेऑफ झाला. अनएम्प्लॉयमेंट (बेकारीचा भत्ता) संपलं, आता ते एका वेअरहाउसमध्ये आठवड्याला २४ तास जातात. उरलेल्या दिवशी लॅपटॉप घेऊन लायब्ररीत जाऊन बसतात. सांगलीला सांगितलेलं नाही, इथल्या मंडळातही कुणाला माहीत नाही, वेअरहाउसचं तर मुलीलाही नाही. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. २०२४ मध्ये साधारण ९,४०० डॉलर आले असतील, काही रोख, काही झेलवर, म्हणजे फोनवरून थेट बँकेत. टॅक्समध्ये कधी दाखवले नाहीत. ओळखीचे एकजण म्हणाले, शिलाईचं बोलूच नका, एड म्हणजे कॉलेजसाठीची आर्थिक मदत कमी होईल. आणि हे म्हणतात, लेऑफचं कॉलेजला कळवणं म्हणजे हात पसरणं. सासूबाईंचं डायालिसिस चालू आहे, महिन्याला ३०० डॉलर पाठवतो, त्याला फॉर्ममध्ये रकानाच नाही. सांगलीच्या घरात ह्यांचा निम्मा वाटा आहे. त्या मदतीचा सरकारी फॉर्म, फॅफ्सा, भरून ठेवलाय, पण सबमिट करायला हात धजत नाही. काय करू?
— एक आई

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना मी एका कागदावर मांडून पाहिलं, की कोणती गोष्ट कशासाठी झाकायची चाललीय. शिलाई झाकायची ती भीतीने, लेऑफ झाकायचा तो लाजेने. तुम्हाला ही दोन वेगळी कोडी वाटतात, पण गाठ एकच आहे. लेऑफमुळे जी मदत मिळू शकते ती शिलाईचा हिशेब दाखवल्याशिवाय नीट मागताच येणार नाही. मी अकरा वर्षं एका कम्युनिटी कॉलेजच्या एड ऑफिसात बसत होते, असे अर्ज उघडून बघणं हेच माझं काम होतं. त्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगते.

आधी फॉर्मबद्दल. २०२६-२७ चा फॅफ्सा २०२४ चं टॅक्स रिटर्न बघतो. म्हणजे आज तुमच्या घरात काय चाललंय ते त्याला माहीतच नाही. तुम्ही संमती दिलीत की आयआरएसकडून, म्हणजे केंद्राच्या टॅक्स खात्याकडून, आकडे थेट येतात, ते तुम्हाला दिसत नाहीत की बदलता येत नाहीत. संमती दिली नाही तर केंद्र सरकारची मदतच मिळत नाही, म्हणून ती द्यायचीच. ह्या आकड्यांवरून स्टुडंट एड इंडेक्स निघतो, ज्याला सगळे एसएआय म्हणतात. हा आकडा जितका कमी, तितकी मदतीची गरज जास्त. अगदी उणे १,५०० पर्यंत तो खाली जाऊ शकतो. तुमच्या बाबतीत मात्र तो १ लाख १८ हजारांच्या पगारावर बेतलेला येणार, म्हणजे बराच वर. आज तो पगार नाही, हे त्या यंत्राला कोण सांगणार? तुम्हीच सांगायचं, आणि ते सांगण्याची रीतसर वाट कायद्यातच आहे.

तिला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. नोकरी गेली, उत्पन्न घटलं, विम्यात न बसणारा औषधपाण्याचा खर्च आला, तर कॉलेजचा एड अधिकारी कागदपत्रं बघून २०२४ च्या जागी आजचं किंवा येत्या वर्षाचं अंदाजे उत्पन्न धरू शकतो. फॅफ्साचे नियम बदलले तेव्हापासून, ‘आमच्याकडे अशा विनंत्या घेतच नाहीत’ असं सरसकट धोरण कॉलेजला ठेवता येत नाही; अशी विनंती करता येते हे विद्यार्थ्यांना जाहीरपणे सांगणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे विनंती ऐकून घेण्यासाठी तिथे माणूस बसवलेला आहे. निर्णय मात्र त्या कॉलेजचा, आणि त्यावर वर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. म्हणून पहिल्याच खेपेला अर्ज भरभक्कम हवा.

आता पैशांत बोलू. तुमच्या त्या ओळखीच्या गृहस्थांचं गणित कुठे चुकतंय ते बघा.

९,४०० डॉलर ही तुमची कमाई नव्हे, तो गल्ला आहे. त्यातून अस्तराचं कापड, हुक, पॅडिंग, दोरे, मशीनची सर्व्हिसिंग, कापड आणायला मारलेल्या गाडीच्या फेऱ्या, त्या वर्षी ओव्हरलॉक मशीन घेतलं असेल तर तेही, हे सगळं वजा होतं. समजा खर्च ३,१०० निघाला, तर उत्पन्न उरलं ६,३००. त्यावर स्वयंरोजगाराचा टॅक्स साधारण ८९० आणि तुमच्या टप्प्यातला केंद्राचा इन्कम टॅक्स साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे सुमारे १,४५० डॉलर. वर न्यू जर्सीचा टॅक्स आणि व्याज. आता एसएआयवर काय होईल? पालकांच्या उत्पन्नाचा जो भाग मोजला जातो, त्याला सर्वांत वरच्या टप्प्यातही ४७ टक्क्यांचा दर आहे. टॅक्स वजा जाता जे उरतं त्याचे ४७ टक्के म्हणजे साधारण २,३००. शिलाई दाखवल्याने इंडेक्स फार तर एवढाच चढेल, तोही २०२४ चे आकडे धरले तर. इंडेक्स २,३०० ने चढला म्हणजे तेवढेच डॉलर हातचे गेले असंही नाही. तो नुसता निर्देशांक आहे.

दुसऱ्या पारड्यात लेऑफ ठेवा. वेअरहाउसचे वर्षाला साधारण २५ हजार आणि शिलाईचे सहा-साडेसहा हजार, म्हणजे आज तुमचं उत्पन्न ३१-३२ हजार डॉलर. कॉलेजने हा आकडा मान्य केला, तर दोन्ही पालक असलेल्या चौघांच्या घराला पूर्ण पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारचं अनुदान, मिळण्याची जी मर्यादा आहे, तिच्या तुम्ही बऱ्याच आत येता. पूर्ण पेल म्हणजे वर्षाला ७,३९५ डॉलर, परत न फेडायचे. शिवाय कॉलेजची स्वतःची मदत, आणि न्यू जर्सी राज्याच्या टॅग ह्या शिक्षण-अनुदानाचं काय होईल ते एड ऑफिसला विचारायचं. कॉलेज मान्य करेलच अशी हमी मी देत नाही, कुणीच देऊ नये. पण लेऑफ सांगितलाच नाही तर ह्यातलं काहीही मिळणार नाही, एवढं नक्की.

आणि तो लेऑफ सांगायला शिलाई का लागते, ते ऐका. अशी विनंती आली की आम्ही पहिली गोष्ट बघायचो ती ही: घर चालतं कसं? समजा तुमचा भाड्यासकट महिन्याचा खर्च ४,६०० आहे. पगाराच्या स्लिपा २,००० च्या आहेत. मग वरचे २,६०० येतात कुठून? इथे नुसतं ‘बचतीतून’ लिहिलं आणि सोबतच्या बँक स्टेटमेंटमध्ये दर चार दिवसांनी झेलवर ४५, ६०, ३५ डॉलर जमा होताना दिसले, की अर्ज तिथेच अडकतो. अधिकाऱ्याच्या मनात संशय आला की तो तेवढ्या ६० डॉलरपुरता राहत नाही, लेऑफच्या पत्राकडेही तो त्याच नजरेने बघू लागतो. ह्याउलट कागदावर सरळ लिहिलेलं असेल, की पगार २,०००, शिलाई खर्च वजा जाता ५५०, बचतीतून २,०५०, आणि बचतीचा आकडा स्टेटमेंटमध्ये महिन्यागणिक तेवढाच उतरताना दिसत असेल, तर बेरीज जुळते. बेरीज जुळणारे अर्ज फार थोडे येतात. मला तरी असा अर्ज हातात आला की पुढे काय विचारावं ते सुचायचं नाही, आणि ते अर्जदाराच्या फायद्याचंच असायचं.

‘माझ्याकडे हिशेब कुठे आहे’ असं तुमच्या मनात येईल. तो आहे. तुमची मापांची वही आहे ना? छाती, कंबर, बाहीची लांबी, पुढचा गळा, मागचा गळा, आणि कोपऱ्यात ‘२० आले, २५ बाकी’. पुढे ‘बाकी’वर काट मारलेली. ज्या बायका शिवतात त्यांच्याकडे ही वही असतेच. जानेवारी २०२४ पासून एकेक पान घ्या, तारीख आणि रक्कम वेगळ्या कागदावर उतरवा, झेलच्या नोंदींशी ताडून बघा. दिवाळी आणि लग्नसराईतले आकडे फुगलेले दिसतील, ते तसेच राहू द्या. गिऱ्हाइकांची नावं कॉलेजला द्यायची गरज नाही. खर्चाच्या पावत्या नसतील तर कार्डाच्या स्टेटमेंटवर कापडाच्या दुकानांची नावं सापडतील.

हा कागद घेऊन सीपीएकडे, म्हणजे इथल्या सीएकडे जा. २०२४ चं रिटर्न दुरुस्त करायचं, म्हणजे १०४०-एक्स भरायचा, सोबत धंद्याच्या हिशेबाचं शेड्यूल सी आणि शेड्यूल एसई. राज्याचं रिटर्नही दुरुस्त करायचं. वर्षाला निव्वळ ४०० डॉलर सुटले तरी स्वयंरोजगाराचं उत्पन्न दाखवावं लागतं. रोख आले म्हणून सूट नाही, आणि कुणी १०९९ (पैसे दिल्याचा टॅक्स फॉर्म) दिला नाही म्हणूनही नाही. आधीच्या वर्षांचं काय करायचं तेही सीपीएलाच विचारा. आयआरएसचं पत्र येण्याआधी आपण होऊन दुरुस्ती केली तर दंडाच्या बाबतीत पुष्कळ फरक पडतो. सीपीएची फी जड वाटत असेल तर आयआरएसच्या व्हिटा केंद्रांवर कमी उत्पन्नाच्या घरांचं काम विनामूल्य होतं. दुरुस्तीचं रिटर्न करून देतात का, हे आधी फोन करून विचारा. दुरुस्त रिटर्न आयआरएसकडे महिनोन्‌महिने पडून राहतं. त्याची वाट बघत फॅफ्सा अडवू नका. आता सबमिट करा, आणि सही केलेल्या १०४०-एक्सची प्रत दोन्ही कॉलेजांच्या एड ऑफिसला स्वतःहून पाठवा. फॅफ्साने ओढलेले आकडे जुन्या रिटर्नचे आहेत हे त्यांना कळलंच पाहिजे.

पुढेमागे तुम्ही सिटिझनशिपचा अर्ज कराल. त्यातही टॅक्सबद्दल विचारतात, आणि तिथे खोटं उत्तर देण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये. फॅफ्सात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर २० हजार डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही, असं लिहिलेलं आहे. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. पण त्या गृहस्थांनी सल्ला देताना ही बाजू सांगितली नसेल, आणि सही त्यांची नसणार आहे.

विनंतीचं पत्र एक पानाचं असू द्या. आपल्याकडे दुःख सांगायचं म्हटलं की एकतर आपण तोंड मिटून घेतो नाहीतर पहिल्यापासूनची सगळी कहाणी सांगतो. इथे दोन्ही नको. अमुक तारखेला नोकरी गेली. सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनीने दिलेली रक्कम) इतका, शेवटचा हप्ता अमुक दिवशी. अनएम्प्लॉयमेंट इतके आठवडे, ते संपलं. आताचं काम, तास, दर. माझी शिलाई, खर्च वजा जाता इतकी. बचत लेऑफच्या वेळी इतकी होती, आज इतकी आहे. मग एकच वाक्य: २०२४ च्या उत्पन्नाऐवजी आजचं उत्पन्न धरावं ही विनंती. सोबत कंपनीचं पत्र, अनएम्प्लॉयमेंटचा तपशील, वेअरहाउसच्या स्लिपा, वहीवरून काढलेला शिलाईचा तक्ता. आधी एड ऑफिसला फोन करून त्यांचा स्वतःचा फॉर्म आहे का ते विचारा, बहुतेक ठिकाणी असतो. विनंती प्रत्येक कॉलेजकडे वेगळी करायची. रटगर्सने मान्य केली म्हणून एनवाययू करेल असं नाही.

एनवाययूला फॅफ्साखेरीज सीएसएस प्रोफाइल लागतं, ते म्हणजे कॉलेज बोर्ड ह्या संस्थेचा मदतीसाठीचा वेगळा फॉर्म. ते खोलात शिरतं, पण विशेष परिस्थिती लिहायला त्यात जागा आहे. ती रिकामी सोडू नका. २०२४ च्या पगारामुळे त्याची फी भरावी लागेल बहुधा.

सासूबाईंचं डायालिसिस. फॅफ्सात खरंच त्याला रकाना नाही, आणि सांगलीला राहणाऱ्या आईला कुटुंबाच्या संख्येतही धरता येत नाही. त्यामुळे ते पत्रातच लिहायचं, दोन ओळींत: महिन्याला ३०० डॉलर, कशासाठी, कधीपासून. पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि हॉस्पिटलची बिलं जोडा. बिलं मराठीत असतील तर खाली इंग्रजीत अर्थ लिहून द्या. काही अधिकारी हा खर्च धरतात, काही धरत नाहीत. पण वर्षाचे ३,६०० डॉलर बचतीतून का गेले ह्याचा खुलासा त्याने होतो, तेवढ्यासाठी तरी लिहाच.

सांगलीच्या घराचा वाटा मात्र मालमत्तेत दाखवावा लागेल. तुम्ही राहता ते घर फॅफ्सा मोजत नाही, पण दुसरीकडचं घर, मग ते भारतात का असेना, मोजतो. ह्यांच्या निम्म्या वाट्याची आजची किंमत, त्यावर कर्ज असेल तर ते वजा करून, डॉलरमध्ये. त्या घरात आजारी आई राहते आणि ते विकता येण्यासारखं नाही, हे पत्रात सांगा. पालकांच्या मालमत्तेतला अगदी थोडा टक्का दरवर्षी मोजला जातो, त्यामुळे त्याने आभाळ कोसळणार नाही. मुलगी शनिवार-रविवार कुठे काम करत असेल तर त्याचीही काळजी करू नका, तिच्या स्वतःच्या कमाईतल्या पहिल्या अकरा हजारांहून अधिक डॉलरना फॅफ्सा हात लावत नाही.

राहिले तुमचे यजमान.

हात पसरणं हा शब्द मी खूप घरांत ऐकला आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो अशाच माणसाच्या तोंडून, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना दिलं. एक गृहस्थ माझ्यासमोर बसले होते, कोटाची वरची गुंडी लावलेली, मांडीवर फाइल. वीस मिनिटं मुलाच्या मार्कांबद्दल बोलत राहिले. मी शेवटी विचारलं, ‘काका, नोकरी कधी गेली?’ त्यांनी फाइल उघडली. कंपनीचं पत्र सगळ्यात खाली, इन्शुरन्सच्या कागदांच्या मागे ठेवलं होतं. मार्चचं पत्र होतं, आणि आम्ही ऑक्टोबरात बोलत होतो. मधल्या सात महिन्यांत ज्या ग्रँट मिळू शकल्या असत्या त्यांच्या मुदती टळून गेल्या होत्या. मी पुढच्या वर्षासाठी जे करता आलं ते केलं. ते सात महिने मात्र मला भरून देता आले नाहीत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या यजमानांना एवढं सांगा, की त्यांनी इतकी वर्षं ह्या देशात टॅक्स भरला, पेल ग्रँटचा पैसा त्याच टॅक्सातून येतो. आणि मंडळाला कळेल ही भीती असेल, तर विद्यार्थ्याची कागदपत्रं फर्पा नावाच्या १९७४ च्या कायद्याखाली येतात. एड ऑफिसातला माणूस ती कुणा तिऱ्हाइताला दाखवू शकत नाही. तुम्ही दोघांनी रिटर्न एकत्र भरलं असेल तर फॅफ्सात पालक म्हणून एकट्या तुम्हीही चालता. पण लेऑफचं पत्र त्यांच्या नावाचं आहे, आणि त्यांना बाजूला ठेवून हे करू नये असं माझं मत आहे. ज्या दिवशी ते लायब्ररीत जातात त्या दिवशी तुम्हीही सोबत जा. तिथल्या टेबलावर दोघांनी मिळून ते एक पान लिहा. तारखा त्यांनी सांगायच्या, आकडे तुम्ही.

मग मुलीला सांगा. तिला माहीत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण वडील कुठल्या दिवशी कुठले बूट घालून बाहेर पडतात हे सतरा वर्षांच्या मुलीला दिसतं. आणि ह्या अर्जात अर्जदार तीच आहे. माहिती खरी आहे ह्याखाली सही तिची असणार, एड ऑफिसातून फोन आला तर तिच्याशी बोलतील. तिला कोऱ्या कागदावर सही करायला लावू नका. सबमिट करण्याआधी तिला शेजारी बसवा, वही पुढ्यात ठेवा आणि २०२४ ची बेरीज तिच्याकडून करून घ्या. काही अडलं तर मला पुन्हा लिहा, एड ऑफिसचं उत्तर आलं की तेही कळवा.